नांगी

सिंधरोटच्या पुढे, महीच्या कोतरांवर,
वरियाळीचं, म्हणजे आपल्या बडीशेपेचं, शेत संपतं तिथे
माझ्या सातेरीच्या अकरा पेट्या.
वर विजेची तार. तारेवर सात जण.
हिरवे, इतके की वाटावं
आत्ताच कुणी शेतातून खुडून वर ठेवलेत.
डोळ्यातून आरपार काजळाची रेघ,
गळ्याशी निळं, माथ्यावर चिंचेने घासलेलं तांबं,
आणि शेपटीतून निघालेली एक सुई,
दोरा ओवायचं राहून गेलेली.

शनाभाई म्हणतो, पतरंगो.
आमच्याकडे म्हणतात, वेडा राघू.
वेडा कसला!
साडेआठपर्यंत जागचा हलत नाही,
पिसं फुगवून, उन्हाकडे पाठ करून बसतो
दुकान उघडायच्या आधीच्या वाण्यासारखा.
ऊन तापल्याशिवाय माशी बाहेर पडत नाही
हे त्याला ठाऊक.
मला कळायला तीन हंगाम लागले.

मग एक सुटतो,
तिरका, पंख पसरून, नुसता हवेवर घरंगळत.
टक्. चिमटा मिटल्याचा आवाज.
आणि परत त्याच जागी,
तारेच्या त्याच दोन बोटांवर,
चोचीत माझी माशी, आडवी.

मी वही काढतो. चार उभ्या रेघा, पाचवी तिरकी.
अकरा वाजेपर्यंत एकट्याच्या नावावर बत्तीस.
गुणिले सात.
कर्जाच्या अर्जात एक रकाना होता: नैसर्गिक शत्रू.
बँकेतला पोरगा म्हणाला, 'नाही' लिहा काका, लवकर पास होतं.

पण मी थांबतो ते पुढचं बघायला.
आधी तो तिचं डोकं आपटतो, डावीकडे, उजवीकडे.
मग चोचीतल्या चोचीत फिरवून मागचं टोक धरतो
आणि तारेवर घासतो, डोळे मिटून,
काडीपेटीवर काडी ओढावी तसा,
पण विझवण्यासाठी.

'नांगी टाकणे', वाक्यात उपयोग करा.
पाचवीत मी कुठल्याशा फौजेचं काहीतरी लिहिलं होतं,
दोनपैकी दोन मिळाले होते.
टाकत नाही हो कुणी. घासून घ्यावी लागते.

पहिल्या वर्षी मला भुवईत डसली तेव्हा
चिमटीत धरू नकोस, उरलेलं विष आत जातं, म्हणत
कुमुदने बसच्या पासाच्या कडेने खरवडून काढली.
माझे डोळे मिटलेले. तिचा श्वास कपाळावर.
पाखराला हे एकट्याने येतं.
मी अजून आरशात बघून चाचपडतो,
उलट्या बाजूला हात जातो.

चैत्र लागला तसा शनाभाई पहार घेऊन आला.
दरडीत भोकं पडली होती, मुठीएवढी, एकोणीस.
बुजवून टाकू?
मी आडवा झालो, एका भोकाशी बॅटरी धरली.
हात खांद्यापर्यंत घातला तरी पुरणार नाही एवढा बोगदा,
चोचीने आणि पायांनी उकरलेला.
शेवटी ना गवताची काडी, ना कापूस.
नुसते पंख. माझ्या माशांचे पंख,
अभ्रकासारखे, थरावर थर,
आणि त्यावर काहीतरी उघडंनागडं हललं.

कपड्यांवरची माती झटकत मी म्हटलं,
राहू दे.
शनाभाई हसला. पहार आणलीच आहे तर
बांधावरचं एक बाभळीचं खोड तरी काढतो म्हणाला.
वहीत त्या तारखेखाली मी लिहिलं:
माशा बत्तीस, घरखर्च.

संध्याकाळी ते फांदीवर अंगाला अंग लावून बसतात.
मधलाच एखादा उठतो, टोकाला जाऊन घुसतो,
मग सगळी रांग किरकिरत सरकते
आणि त्याची जागा कुठे होती ते कळेनासं होतं.
अंधार पडेपर्यंत हेच.
मग मी स्कूटरला किक मारतो,
बडोद्याच्या दिव्यांकडे वळतो.
मागच्या सीटवर मधाचा डबा,
दोरीने दोनदा बांधलेला.